महाविद्यालयाचे एलएमएस कोणाच्या हातात असावे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातील महाविद्यालयांत सातत्यपूर्ण अंतर्गत मूल्यमापनाला जे वजन आले आहे, त्यामुळे अभ्याससाहित्य, चाचण्या आणि गुण एकाच जागी सांभाळणारी संगणकावरची लर्निंग मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे रोजच्या बोलण्यातले एलएमएस, ही हौसेची गोष्ट राहिलेली नाही. एका सत्रात प्रत्येक विषयाच्या चाचण्या, स्वाध्याय, प्रकल्प, सादरीकरणे आणि या सगळ्यांचे गुण वह्यांत व एक्सेलच्या तक्त्यांत सांभाळणे भरलेल्या वर्गाच्या शिक्षकाला झेपेनासे झाले आहे. असे असूनही ही व्यवस्था निवडण्याची आपली रीत मात्र फार उथळ आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची भेट तोंडावर येते, दोन-तीन कंपन्यांची कोटेशने मागवली जातात, कंपनीचा माणूस येऊन सादरीकरण करतो, वैशिष्ट्यांच्या तक्त्यात सगळ्यांपुढेच ‘आहे, आहे, आहे’ असे लिहिलेले असते आणि शेवटी सर्वांत स्वस्त कोटेशनवर सही होते. या तक्त्यात कधीच न येणारा एक प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. उद्या ही व्यवस्था सोडायची वेळ आली, तर आमच्या प्रश्नपेढ्या, आमचे अभ्याससाहित्य आणि विद्यार्थ्यांचे गुण आमच्याकडे परत कसे येतील, आणि ते दुसरीकडे चालतील का? या कसोटीवर घासून पाहिले, तर राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी आपल्या संलग्न महाविद्यालयांसाठी मूडल ही मुक्तस्रोत, म्हणजे जिची आज्ञावली कोणालाही वापरता आणि बदलता येते अशी, व्यवस्था स्वतः चालवावी, या निष्कर्षाला मी येतो.

ही कसोटी मी पहिली का ठेवतो, ते या क्षेत्राच्या इतिहासावरून दिसेल. ब्लॅकबोर्ड ही एलएमएस बनवणारी अमेरिकी कंपनी १९९७ साली स्थापन झाली आणि दशकभरात विद्यापीठांच्या जगात तिचा दबदबा निर्माण झाला. २००६ मध्ये तिने वेबसीटी ही आपली मोठी प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, आणि त्याच वर्षी डिझायर टू लर्न या कॅनडातील कंपनीवर पेटंटचा दावा लावला. ते पेटंट पुढे अमेरिकी न्यायालयात टिकले नाही. वेबसीटीवर अभ्यासक्रम रचलेल्या प्राध्यापकांना मात्र हळूहळू नव्या व्यवस्थेत जावेच लागले. २०२१ मध्ये ब्लॅकबोर्ड अँथॉलॉजी या कंपनीत विलीन झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये अँथॉलॉजीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी २०१२ मध्ये ना-नफा तत्त्वावर उभारलेले ऑनलाइन अभ्यासक्रमांचे एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला टूयू या कंपनीला विकले गेले, आणि २०२४ मध्ये त्या कंपनीवरही दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. शाळांत अतिशय लोकप्रिय असलेले एडमोडो २०२२ च्या सप्टेंबरात बंदच झाले. जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे तिथे साठवलेले वर्ग, चाचण्या आणि चर्चा वाचवण्यासाठी त्यांना काही आठवडेच मिळाले.

या घडामोडींपैकी एकीचाही संबंध त्या व्यवस्थेत शिकवणे चांगले होते की वाईट याच्याशी नव्हता. मालकी, कर्ज आणि भागभांडवल यांच्या हिशोबातून त्या घडल्या. त्यांची झळ वापरणाऱ्यांना न बसल्याचा अपवाद एडएक्सचा, आणि तो फार बोलका आहे. एडएक्सची आज्ञावली मुक्तस्रोत परवान्याखाली खुली केलेली होती, म्हणून कंपनी विकली गेली आणि नंतर अडचणीत आली, तरी ‘ओपन एडएक्स’ वापरणाऱ्या संस्थांचे काम अडले नाही.

सध्याच्या व्यापारी व्यवस्थांत वापरायला सर्वांत सुटसुटीत कोणती, असे विचारले तर मी कॅनव्हास हे नाव घेईन, आणि अमेरिकेतील उच्च शिक्षणात ती आज आघाडीवर आहे यात नवल नाही. विद्यार्थ्याने पाठवलेला निबंध डावीकडे, गुण आणि शेरे उजवीकडे, आणि एका कळीवर पुढचा विद्यार्थी, अशी तिथली तपासणीची सोय आहे. पेपरांचे गठ्ठे तपासलेल्या माणसाला तिची किंमत लगेच कळते. कॅनव्हासमधून अभ्यासक्रम ‘कॉमन कार्ट्रिज’ या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येतो, हेही तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण तिची मालक कंपनी इन्स्ट्रक्चर २०२० मध्ये थोमा ब्राव्हो या गुंतवणूक संस्थेने घेतली, पुढच्याच वर्षी ती पुन्हा शेअर बाजारात आली आणि २०२४ मध्ये केकेआर या दुसऱ्या गुंतवणूक संस्थेने ती विकत घेतली. कॅनव्हासच्या आज्ञावलीचा मोठा भाग मुक्तस्रोत असला, तरी ती स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे जिकिरीचे आहे. व्यवहारात संस्था कंपनीकडून दरवर्षी सेवा घेते आणि पैसे विद्यार्थीसंख्येच्या हिशोबाने मोजते. शुल्क भरघोस आकारणाऱ्या खासगी विद्यापीठाला ते परवडेल. अनुदानित कला महाविद्यालयाला, जिथे बीएच्या मुलाचे वर्षाचे शुल्कच काही हजारांत असते, तिथे हा आवर्ती खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हाच पहिला प्रश्न असतो.

म्हणूनच आपल्याकडे खरी निवड गूगल क्लासरूम आणि मूडल यांच्यातच होते, आणि त्यांचीच तुलना सविस्तर व्हायला हवी.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आले. टाळेबंदीच्या काळात, ऑगस्ट २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने गूगलशी भागीदारी जाहीर करून ते राज्यातल्या शाळांसाठी आणले. त्या कठीण दिवसांत क्लासरूमने आपल्याला तारले, हे मी मनापासून मान्य करतो. ज्या शिक्षकांनी आयुष्यात एकही ऑनलाइन वर्ग घेतला नव्हता, त्यांना ते कोणाच्या मदतीशिवाय तासाभरात जमले. विद्यार्थ्याकडे फक्त फोन असला तरी चालत होते. वर्गाचा कोड व्हॉट्सॲपवर टाकायचा, मुले आत येणार, स्वाध्याय टाकायचा, मुले वहीच्या पानांचे फोटो काढून पाठवणार. या साधेपणाला तोड नाही.

अडचणी पुढे सुरू होतात. वहीचे ते फोटो एकामागून एक उघडताना दुसरे पान आधी आणि पहिले नंतर, एक आडवे तर एक अंधारात काढलेले, असे येतात. प्रत्येक फाइलचे नाव कॅमेऱ्याने दिलेले आकडेच असतात. ते चालवून घेता येते. न चालवून घेण्यासारखी गोष्ट मालकीची आहे. कित्येक महाविद्यालयांत संस्थेच्या नावाचे ई-मेल आयडी वेळेवर मिळत नाहीत आणि शिक्षक आपल्या खासगी जीमेलवरून वर्ग उघडतात. त्यातही तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेमलेले प्राध्यापक आघाडीवर असतात, कारण त्यांची नेमणूकच सत्र सुरू झाल्यावर होते आणि आयडीसाठी थांबायला त्यांना सवड नसते. मार्चअखेर त्यांची नेमणूक संपते. तो वर्ग, त्यातले स्वाध्याय, तपासलेले गुण, सगळे त्यांच्या खासगी खात्यात राहते. पुढच्या वर्षी त्याच विषयाला दुसरे प्राध्यापक येतात आणि पहिल्या पानापासून सुरुवात करतात. एका विभागाचे वर्षभराचे अध्यापनाचे काम कोणाच्या लक्षातही न येता असे नाहीसे होते, आणि याचा दोष त्या प्राध्यापकाला देणे अन्यायाचे ठरेल. ज्याला वर्षातले काही महिने पगार मिळतो, त्याने संस्थेची स्मृती सांभाळावी ही अपेक्षाच चूक आहे.

शिवाय ‘फुकट’ या शब्दाची व्याख्या पुरवठादार ठरवतो आणि तोच ती बदलू शकतो. शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण मिळेल असे सांगणाऱ्या गूगलने २०२१ मध्ये धोरण बदलले आणि संपूर्ण संस्थेला मिळून १०० टीबीची, म्हणजे सुमारे एक लाख जीबीची, मर्यादा घातली. ती २०२२ पासून लागू झाली. शंभर टीबी ऐकायला मोठे वाटते, पण एक लाख विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात ते माणशी एक जीबी होते, आणि टाळेबंदीत ध्वनिचित्रमुद्रित केलेली व्याख्याने त्यात मावत नाहीत. मायक्रोसॉफ्टनेही २०२४ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी जवळपास अशीच मर्यादा आणली. कंपन्यांनी हे करू नये असे नाही. तो त्यांचा व्यवसाय आहे. आपण मात्र सार्वजनिक संस्थांचे नियोजन अशा आश्वासनावर बेतू नये.

मूडलची गोष्ट वेगळी आहे. मार्टिन डुगिआमास हा माणूस पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढला, तिथे रेडिओवरून आणि विमानाने येणाऱ्या पार्सलांतून त्याचे शालेय शिक्षण झाले. पुढे पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटीची देखभाल करत असताना त्याने स्वतःची व्यवस्था लिहायला घेतली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये मूडलची पहिली आवृत्ती आली. ती जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली आहे. उद्या मूडल चालवणारी कंपनी कोणी विकत घेतली, तरी आपल्या सर्व्हरवरची आज्ञावली कोणी काढून घेऊ शकत नाही. मुंबईच्या आयआयटीत ती वर्षानुवर्षे वापरात आहे.

मूडलचे खरे बळ तिच्या प्रश्नपेढीत आहे. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने उभ्या वर फेकलेल्या चेंडूचे एक उदाहरण घातले आणि वेगाच्या जागी आकड्याऐवजी चल ठेवला, तर प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा आकडा दिसतो आणि उत्तरही त्या आकड्यावरून तपासले जाते. शेजारच्याचे उत्तर उतरवून उपयोग होत नाही. मराठी माध्यमात शिकवणाऱ्याला त्याहूनही उपयोगी पडणारी गोष्ट एका शब्दाच्या उत्तरांची आहे. ‘वनस्पतींच्या पानांतील हिरव्या रंगद्रव्याचे नाव लिहा’ या प्रश्नाला मुले ‘हरितद्रव्य’ लिहितात, ‘हरीतद्रव्य’ लिहितात, मधे जागा सोडून ‘हरित द्रव्य’ लिहितात, काही ‘क्लोरोफिल’ लिहितात. गूगल फॉर्म्समध्येही एकाहून अधिक बरोबर उत्तरे आधी नोंदवता येतात, पण जे रूप नोंदवले नाही ते चूक धरले जाते. मूडलमध्ये प्रत्येक रूपाला वेगळे गुण ठरवता येतात, एखाद्या भागापुढे तारा टाकून त्या जागी काहीही चालेल असे सांगता येते, आणि मुख्य म्हणजे चाचणी झाल्यावर एखादे न सुचलेले रूप सापडले, तर ते नोंदवून सगळ्या वर्गाच्या गुणांची फेरगणना एका आज्ञेने करता येते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीपायी विज्ञानाचा गुण जाणे हा मराठी मुलावर होणारा अन्याय आहे, आणि तो टाळण्याची सोय ज्या व्यवस्थेत आहे तिला मी झुकते माप देणारच.

आता कसोटीचा प्रश्न. मूडलमधला पूर्ण अभ्यासक्रम, प्रश्नपेढीसह, एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो आणि जगातल्या दुसऱ्या कोणत्याही मूडलवर, तिची आवृत्ती फार जुनी नसेल तर, पुन्हा उभा करता येतो. क्लासरूममधून फाइली उतरवता येतात, पण वर्गाची रचना तशीच उचलून दुसऱ्या व्यवस्थेत ठेवण्याचा सरळ मार्ग नाही. सीएचबीच्या प्राध्यापकांनी तयार केलेला अभ्यासक्रम मूडलवर असेल तर तो विभागाचा राहतो, आणि त्यांना स्वतःची प्रतही नेता येते. दोघांचेही हित जपणारी ही व्यवस्था आहे.

मग मूडल सगळीकडे का नाही? कारण ती सांभाळावी लागते, आणि हा आक्षेप मी हलका मानत नाही. सर्व्हर हवा, दर काही महिन्यांनी अद्ययावत करणे हवे, रोजचा बॅकअप हवा, आणि तो बॅकअप खरेच परत उभा राहतो का हे अधूनमधून तपासणारा माणूस हवा. माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या एका उत्साही सरांनी मूडल उभी केली, आणि ते निवृत्त होईपर्यंत ती उत्तम चालली. त्यानंतर प्रशासकाचा पासवर्डही कोणाकडे नव्हता. एकाच वेळी सगळ्या वर्गाची चाचणी लावली की स्वस्तातला सर्व्हर गुदमरतो, आणि त्याचा राग शिक्षक मूडलवर काढतात. तिची मांडणीही नवख्याला बोजड वाटते. एका स्वाध्यायाच्या पानावर इतके पर्याय असतात की पहिल्यांदा बसलेला शिक्षक गांगरतो. मराठी भाषासंच आहे, पण तो स्वयंसेवकांच्या मेहनतीवर उभा असल्याने अर्धामुर्धा आहे, आणि मराठी सूचनांच्या मधेच इंग्रजी वाक्य येते.

या अडचणी एकेका महाविद्यालयाने सोडवायच्या म्हटले तर सुटणार नाहीत. पण आपल्या विद्यापीठांना शेकडो महाविद्यालये संलग्न आहेत, त्यांचा अभ्यासक्रम एकच आहे आणि परीक्षाही एकच आहे. तोच विषय, तेच घटक, तेच संदर्भग्रंथ. तरी प्रत्येक महाविद्यालय वेगळे एलएमएस विकत घेते आणि प्रत्येक प्राध्यापक वेगळी प्रश्नपेढी रचतो. ग्रंथालयांच्या बाबतीत आपण ही चूक केली नाही. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘सोल’ ही ग्रंथालयांची आज्ञावली देशभरच्या महाविद्यालयांसाठी तयार केली आणि एन-लिस्टमधून ई-नियतकालिके व ई-ग्रंथ सामायिक वर्गणीत छोट्या गावांतल्या महाविद्यालयांपर्यंत पोचवले. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयाला एकट्याने ती नियतकालिके कधीच घेता आली नसती. एलएमएससाठी तसेच का होऊ नये? विद्यापीठाने एक सक्षम मूडल चालवावे, प्रत्येक महाविद्यालयाला त्यात स्वतंत्र विभाग द्यावा, अभ्यासमंडळांनी प्रत्येक विषयाची सामायिक प्रश्नपेढी तिथे वाढवत न्यावी, आणि अंतर्गत गुण तिथूनच थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे जावेत. आज तेच गुण शिक्षक आधी एलएमएसमध्ये, मग महाविद्यालयाच्या संगणक प्रणालीत आणि शेवटी विद्यापीठाच्या पोर्टलवर भरतो, आणि तिसऱ्या वेळी एखादा आकडा चुकला की विद्यार्थी निकालानंतर खेटे घालत राहतो.

विद्यापीठांवर एवढा विश्वास टाकावा का, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्त आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी पुरेशा पूर्वतयारीशिवाय सुरू केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडले आणि अखेर कुलगुरूंना पद सोडावे लागले. त्या प्रसंगातून मी वेगळा बोध घेतो. तिथे सर्वांत जोखमीच्या जागेपासून, म्हणजे अंतिम परीक्षेपासून, एकदम सुरुवात झाली. एलएमएसची सुरुवात कमी गुणांच्या चाचण्यांपासून, थोड्या विषयांत, थोड्या महाविद्यालयांत करता येते, आणि चूक झाली तर दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा घेता येते. शिवाय आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर मराठीतून संगणकाधारित शिक्षण चालवण्याचा अनुभव नाही असे नाही. एमकेसीएलने, म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम ‘एरा’ या स्वतःच्या व्यवस्थेवर गावोगावच्या केंद्रांत नेऊन दाखवला आहे.

विद्यार्थ्यांच्या माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. आपल्या बहुतेक वरिष्ठ महाविद्यालयांच्याच आवारात अकरावी-बारावीचे वर्ग भरतात, त्यामुळे ही जबाबदारी थेट प्राचार्यांवर येते. पण व्यवस्था सरकारी किंवा मुक्तस्रोत आहे एवढ्याने माहिती सुरक्षित होत नाही. दीक्षा या केंद्र सरकारच्या मंचावरील लाखो शिक्षकांची व विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरमुळे उघडी राहिल्याचे २०२३ मध्ये समोर आले होते. सुरक्षितता माणसे नेमून मिळते.

शाळांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे मला एलएमएसची घाईच नको वाटते. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आहेत, ते दीक्षावरील साहित्याकडे नेतात, आणि प्राथमिक शिक्षकाला तेवढे पुरते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत ग्रामीण भारतातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता आणि १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. त्यानंतर फोन घरोघर पोचले हे खरे, पण तो फोन बहुधा एकच असतो आणि सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. अशा घरातल्या सातवीच्या मुलाचा स्वाध्याय ॲपवर ठेवणे म्हणजे त्याला रात्रीपर्यंत थांबवणे. नववीपासून पुढे, जिथे शिक्षकांना खरेच गरज वाटते, तिथे संस्थेच्या आयडीवरचे क्लासरूम पुरेसे आहे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. मूडलला परवान्याचे शुल्क नाही म्हणून ती फुकट आहे, असे समजून विद्यापीठांनी ती उभारली तर दोन वर्षांत तिची अवस्था मी वर सांगितलेल्या महाविद्यालयासारखी होईल. प्रत्येक विद्यापीठाला सर्व्हर सांभाळणारे प्रशासक, महाविद्यालयांत फिरून शिक्षकांना शिकवणारे प्रशिक्षक, आणि मराठी भाषासंच पूर्ण करून तो अद्ययावत ठेवणारी एक व्यक्ती अशी पदे लागतील, आणि ती कंत्राटी न ठेवता मंजूर पदे असावी लागतील. आज महाविद्यालये वेगवेगळ्या कंपन्यांना दरवर्षी जे पैसे देतात, त्यांचा एक भाग विद्यापीठाकडे सामायिक वर्गणी म्हणून वळवला तर हा खर्च भागू शकेल असा माझा अंदाज आहे. तो बरोबर आहे की नाही हे पाहणे अवघड नाही. विद्यापीठांनी आपल्या संलग्न महाविद्यालयांकडून गेल्या तीन वर्षांतील एलएमएसवरचा खर्च मागवावा आणि व्यवस्थापन परिषदेपुढे, पुढच्या वर्षीचे करार नव्याने होण्याच्या आत, तो आकडा ठेवावा. तोपर्यंत ज्या महाविद्यालयाला करार करावाच लागेल, त्याने किमान एक कलम त्यात घालून घ्यावे: करार संपताना सर्व अभ्यासक्रम, प्रश्नपेढ्या आणि गुण सर्वमान्य स्वरूपात, कोणत्याही जादा शुल्काशिवाय परत मिळतील, आणि ते परत मिळतात हे कंपनीने पहिल्याच सत्रात एका विषयाचा अभ्यासक्रम उतरवून दुसऱ्या व्यवस्थेत उभा करून दाखवावे.